कोळसा पट्ट्यात प्लॉट घेताय? वणी, घुग्घुस, राजुऱ्याकडे नव्यानं आलेल्यांसाठी

वणी, घुग्घुस, भद्रावती, राजुरा, उमरेड ही गावं कापसाचीही आहेत आणि कोळशाचीही. एका रस्त्यानं जिनिंगकडे कापसाच्या गाड्या जातात, दुसऱ्या रस्त्यानं रात्रंदिवस कोळशाचे ट्रक. खाणीत बदली होऊन आलेला कामगार असो, शाळेत लागलेली शिक्षिका असो की ट्रान्सपोर्टच्या धंद्यासाठी आलेलं कुटुंब, दोनतीन वर्षांत प्रत्येकाला वाटायला लागतं की भाडं भरत बसण्यापेक्षा दीड हजार फुटांचा प्लॉट घेऊन टाकावा. यात गैर काहीच नाही. फक्त पुण्या-नाशकाकडचे नातेवाईक फोनवर जो सल्ला देतात, ‘सातबारा बघ, एनए बघ, रजिस्ट्री कर’, तो इथं अपुरा पडतो. इथं सातबारा दुसऱ्या नंबरवर येतो. खाण कुठवर आली आहे, पुढं कुठं जाणार आहे आणि जुनी खाण पायाखाली आहे का, हे आधी शोधायचं. याची उत्तरं मिळेपर्यंत इसाराचा एक रुपयाही देऊ नका.

आधी खाण कुठं चालली आहे ते काढा

एक गोष्ट पहिल्यांदा समजून घ्या. जमीन तुमच्या नावावर झाली तरी तिच्याखालचा कोळसा तुमचा होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवर हक्क सरकारचा आहे. त्यामुळे ‘खाली कोळसा आहे, उद्या करोडो मिळतील’ असं कुणी सांगत असेल तर तो जमिनीचा भाव वाढवून सांगतोय, इतकंच.

या पट्ट्यातल्या बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे सगळे जिला डब्ल्यूसीएल म्हणतात त्या कंपनीच्या आहेत. मुख्यालय नागपूरला, आणि वणी, वणी नॉर्थ, माजरी, बल्लारपूर, चंद्रपूर, उमरेड अशी क्षेत्रीय कार्यालयं. तिच्यासाठी जमीन मुख्यतः १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्यानं घेतली जाते. या कायद्याचे चार आकडे पाठ करून ठेवा. कलम ४ ची अधिसूचना निघाली म्हणजे सरकार तिथं कोळसा शोधणार. ही अधिसूचना दोन वर्षं चालते आणि आणखी एक वर्ष वाढवता येते. कलम ७ म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर. त्यानंतर कलम ८ प्रमाणे ३० दिवसांत हरकत घेता येते. कलम ९ ची घोषणा राजपत्रात छापून आली की जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे जाते आणि पुढे कंपनीच्या नावे होते.

कलम ४ लागलेल्या वावरात कापूस उभा असतो, मालक तोच असतो, सातबाराही स्वच्छ दिसू शकतो. बाहेरून आलेला माणूस फसतो तो याच टप्प्यावर. विकणाऱ्याला माहीत असतं, दलालाला माहीत असतं, फक्त घेणाऱ्याला माहीत नसतं. आणि कलम ९ नंतर जर कुणी रजिस्ट्री करून दिली, तर त्याच्याकडे विकायला काही उरलेलंच नसतं.

हे शोधायचं कसं? तीन वाटा आहेत, तिन्ही वापरा.

पहिली वाट राजपत्राची. या अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापल्या जातात आणि ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर मिळतात. अधिसूचनेतच लिहिलेलं असतं की नकाशा कुठं पाहता येईल. जिल्हाधिकारी कार्यालय त्यात असतंच. गावाचं नाव आणि गट किंवा खसरा नंबर घेऊन तिथं जा.

दुसरी वाट माहिती अधिकाराची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात भक्कम. डब्ल्यूसीएल केंद्र सरकारची कंपनी आहे, त्यामुळे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. प्रश्न मोघम नको. ‘मौजा अमुक, तालुका अमुक, गट क्रमांक अमुक ही जमीन कोळसाधारक क्षेत्र कायद्याच्या कलम ४, ७ किंवा ९ च्या कोणत्या अधिसूचनेत येते? या गटाखाली चालू किंवा बंद भूमिगत काम आहे का? सर्वांत जवळच्या मंजूर खाण हद्दीपासून तिचं अंतर किती?’ असे तीन नेमके प्रश्न लिहा. महिनाभर थांबावं लागेल. ‘तोवर प्लॉट जाईल’ असं दलाल म्हणेल, जाऊ द्या.

तिसरी वाट केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलची. नवी खाण काढायची किंवा जुनी वाढवायची तर पर्यावरण मंजुरी लागते आणि त्या अर्जासोबत खाणीची हद्द, आजूबाजूच्या दहा किलोमीटरचा नकाशा, गावांची नावं असं सगळं जोडलेलं असतं. पुढच्या काही वर्षांत खाण कुठल्या दिशेनं सरकणार, ते या नकाशात स्पष्ट दिसतं.

सगळ्या खाणी डब्ल्यूसीएलच्या आहेत असंही नाही. भद्रावतीजवळ बरांज, झरी-जामणीकडे मार्की-मांगली असे कोळशाचे वेगळे ब्लॉक आहेत, आणि कोरपना-गडचांदूरकडे सिमेंटसाठी चुनखडीच्या खाणी आहेत. त्यामुळे डब्ल्यूसीएलनं ‘नाही’ म्हटलं तरी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे विचारणा करा.

‘जमीन घ्या, नोकरी मिळेल’ हे आमिष इथं पिढ्यान्पिढ्या चालत आलं आहे. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात नोकरीचा हिशेब साधारण दोन एकरांमागे एक असा आहे, आणि त्यातही जमीन कोणत्या तारखेला कुणाच्या नावावर होती हे तपासलं जातं. दीड हजार फुटांच्या प्लॉटवर नोकरी मिळेल या आशेनं भाव देऊ नका. मुलाच्या नोकरीसाठी म्हणून आयुष्याची कमाई घालणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे इतक्या जोरानं सांगतो.

जुनी खाण खाली आहे का?

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाली बंद पडलेल्या जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आजूबाजूची घरंही रिकामी करावी लागली. त्या वॉर्डात रस्ता होता, वीज होती, नळ होता. वर उभं राहून खालचं काही कळण्याजोगं नव्हतं.

भूमिगत खाणीत कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच खांब सोडतात, त्यावर छत टिकतं. पुढे ते खांबही काढले किंवा पाण्यानं झिजले तर छत बसतं आणि वरची जमीन खचते. काम उथळ असेल तर वर थेट खड्डा पडतो. दगडी कोळशाच्या या खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झालं. त्याआधी खासगी मालक काम करत होते. त्या काळातली कामं नेमकी कुठवर गेली याचे नकाशे पूर्ण आणि अचूक असतीलच, असं धरून चालू नका. म्हणून घुग्घुस, राजूर कॉलरी, बल्लारपूर, माजरी अशा जुन्या कॉलरीच्या गावांत कागदासोबत डोळे आणि कानही वापरावे लागतात.

प्लॉटच्या भोवती पाचशे पावलं फिरा. जमिनीत गोलाकार खोलगट भाग आहे का, धनुष्यासारखी वाकलेली लांब भेग आहे का, विजेचे खांब एकाच बाजूला कलले आहेत का, जुन्या कुंपणाचे तुकडे आणि ‘धोकादायक क्षेत्र’ असं लिहिलेली गंजकी पाटी आहे का, ते पाहा. मग जवळच्या एखाद्या निवृत्त खाण कामगाराच्या ओसरीवर बसा. ‘काका, तुमच्या वेळी खालचं काम कुठवर गेलं होतं?’ एवढं विचारलं की ते हातानं दिशा दाखवून सांगतात: इथून खाली उतरायचो, त्या चिंचेखालून पुढं जायचो. विहीर एका रात्रीत कोरडी पडल्याची गोष्ट कुणी सांगितली तर ती गांभीर्यानं घ्या.

पोकळीची शंका जरा जरी उरली तरी तो प्लॉट सोडा. स्वस्त मिळतोय म्हणून घेण्यासारखी ही गोष्ट नाही.

सब्बल घेऊन जागेवर जा

प्लॉट एकदा मे महिन्याच्या दुपारी पाहावा आणि एकदा भर पावसाळ्यात. मे महिन्यात धूळ कळते, पावसाळ्यात रस्ता आणि पाणी कळतं. दोन्ही वेळा जमत नसेल तर पावसाळा निवडा.

इथली काळी माती कापसाला सोन्यासारखी, घराला मात्र अवघड. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि साधा पाया घेतला तर दोनतीन वर्षांत भिंतींना तिरपे तडे जातात. लेआऊटवाले वर फूटभर मुरूम टाकून रोलर फिरवतात, तेव्हा जागा कशी कडक आणि स्वच्छ दिसते. सब्बल, म्हणजे पहार, मारून बघा. फुटाखाली सब्बल मऊ जाऊन वर येताना काळा चिकट चिखल लागला तर काय ते कळलं. मालकाच्या परवानगीनं पाचसहा फूट खड्डा घ्या. मुरूम किंवा खडक किती खोल आहे त्यावर पायाचा खर्च ठरतो. काळी माती खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले खोल काँक्रीटचे खांब) किंवा मुरूम भरून केलेला पाया लागतो आणि बांधकामाचं बजेट बऱ्यापैकी वाढतं. हा खर्च धरून मगच प्लॉटच्या भावाची घासाघीस करा. खड्ड्यात काळ्या मातीऐवजी दगड, शेल आणि कोळशाच्या चुऱ्याची मिसळ निघाली, तर ती ओबीची, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांची, भरती आहे. भरतीची जागा वर्षानुवर्षं दबत राहते. तिथं घर बांधू नका.

पाण्याचं दोन बाजूंनी बघावं लागतं. खुल्या खाणीतून सतत पाणी उपसलं जातं, त्यामुळे जवळच्या विहिरी आणि बोअर खाली जातात. शेजाऱ्यांना विचारा की बोअर किती फुटांवर लागला आणि मार्चनंतर चालतो का. दुसरं, यवतमाळ आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत भूजलात फ्लोराइडचा त्रास आहे. शेजारच्या बोअरचं पाणी बाटलीत घेऊन जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दीडच्या वर असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. मुलांचे दात आणि म्हाताऱ्यांची हाडं याच पाण्यानं जातात, म्हणून ही तपासणी टाळू नका.

पुराचं सांगायचं तर जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीच्या काठची वणी, राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर भागातली कितीतरी गावं पाण्याखाली गेली होती. त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं, हे गावातला कुणीही भिंतीवर बोट ठेवून दाखवतो. नदीकाठी ओबीचे डोंगर उभे राहिले की पाण्याला पसरायला जागा उरत नाही आणि ते दुसऱ्या काठाकडे वळतं. त्यामुळे ‘आजोबांच्या काळापासून इथं पाणी आलं नाही’ या वाक्यावर विसंबू नका. जलसंपदा विभागाची पूररेषा नगरपरिषदेत विचारा.

खुल्या खाणीत सुरुंग लावताना ५०० मीटरपर्यंतचा भाग धोक्याचा धरतात. हादरे त्याच्याही पलीकडे जाणवतात. सुरुंगाच्या वेळेला जागेवर थांबा आणि शेजारच्या घरातल्या खिडकीच्या काचा ऐका. धुळीसाठी आजूबाजूच्या झाडांच्या पानांवर बोट फिरवलं तरी पुरे. चंद्रपूर परिसर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत आला होता. घरात दम्याचा रुग्ण असेल तर ट्रकच्या रस्त्याला लागून असलेला प्लॉट नकोच.

आता सातबारा

इथवर सगळं ठीक निघालं की कागदांकडे वळा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. विकणाऱ्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला नको, स्वतः काढा, आणि रजिस्ट्रीच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा काढा.

सातबाऱ्यावर लोक नाव आणि क्षेत्र बघतात. तुम्ही ‘इतर अधिकार’ हा रकाना आधी वाचा. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज, वारसांचे हक्क, कुळाचं नाव, भूसंपादनाची नोंद, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथं असतं. बारीक अक्षरात एखादाच फेरफार नंबर दिसला तरी तो फेरफार काढून वाचा. नंतर मागचे सगळे फेरफार आणि जुने हस्तलिखित सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून घ्या. किमान ३० वर्षांचा शोध वकिलाकडून करून घेणं हा इथला रिवाज आहे आणि तो पाळावा. राजुऱ्याचा भाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता, तिथली जुनी कागदपत्रं उर्दूत निघू शकतात; वाचून घेणारा माणूस शोधावा लागेल.

विदर्भात काही गोष्टी अशा आहेत ज्या पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्यांना माहीत नसतात. त्या सावकाश वाचा.

आदिवासींची जमीन. गोंड, कोलाम, परधान कुटुंबांच्या जमिनी या पट्ट्यात भरपूर आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर शासनाच्या मान्यतेनं जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. परवानगीशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही, आणि अशा जमिनी मूळ मालकाला परत देण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे. लेआऊट पाडणारा कुणीही असो, मूळ जमीन कुणाची होती ते जुन्या फेरफारात शोधा. हे कागदाच्या सोयीसाठी करायचं नाही. ज्यांची जमीन एकदा गेली की दुसरी मिळत नाही अशा लोकांचा हा प्रश्न आहे.

भोगवटादार वर्ग २. सरकारनं दिलेली जमीन शर्तींवर असते. परवानगी आणि नजराण्याशिवाय ती विकता येत नाही. भूदानाच्या जमिनीही विदर्भात बऱ्याच आहेत, १९५३ च्या भूदान यज्ञ कायद्याखालच्या. त्या कसण्यासाठी दिल्या आहेत, विकण्यासाठी नाहीत.

झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदावर ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनी आहेत. जागेवर एकही झुडूप नसेल, तरी २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनजमीनच मानली आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी वेगळी प्रक्रिया सांगितली आहे, पण नव्यानं प्लॉट घेणाऱ्यानं त्या भानगडीत पडू नये. उमरेड, भद्रावती, राजुरा या बाजूला असाल तर निस्तार पत्रकही पाहा. गुरचरण, पाणंद, स्मशान अशा गावाच्या सामाईक जागा त्यात नोंदलेल्या असतात.

गावठाणात किंवा शहरात घर-जागा घेत असाल तर सातबाऱ्याऐवजी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते. त्यावर ‘नझूल’ लिहिलं असेल तर जमीन सरकारची आणि समोरचा पट्टेदार. पट्टा नूतनीकरण झालाय का, हस्तांतराची परवानगी आहे का, हे तपासा. कॉलरीच्या वस्त्यांत कंपनीच्या जमिनीवरची घरं स्टॅम्प पेपरवर विकली जातात. नगरपरिषदेची घरटॅक्स पावती आणि विजेचं बिल दाखवतात. टॅक्स पावतीनं मालकी सिद्ध होत नाही.

आणि शेतजमीनच घ्यायची असेल तर तुम्ही स्वतः शेतकरी असायला हवं. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे आणि त्याच्या कलम ८९ नं बिगर शेतकऱ्याला शेतजमीन द्यायला बंदी आहे.

लेआऊट खरा आहे का

इथल्या जाहिरातींत ‘एनए-टीपी प्लॉट’ लिहिलेलं असतं. एनए म्हणजे अकृषक, टीपी म्हणजे नगररचना विभागाकडून मंजूर आराखडा. दोन्हींच्या मूळ आदेशांची प्रत मागा आणि त्यावरचा क्रमांक तहसील व नगररचना कार्यालयात जाऊन जुळवा. अकृषकाचे नियम २०१७ पासून बरेचदा बदलले आहेत, त्यामुळे ‘आता एनए लागतच नाही’ असं कुणी म्हटलं तर या गटासाठी ते खरं आहे का, हे तहसीलदारांच्या कार्यालयातून लेखी घ्या.

मंजूर नकाशा हातात घेऊन जागेवर उभे राहा. नकाशातली ओपन स्पेस जागेवर आहे का? ४००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, आणि बिनदिक्कत तिचेच प्लॉट पाडून विकल्याची प्रकरणं होतात. रस्ते नकाशाएवढे रुंद आहेत का, ते टेप लावून मोजा. लेआऊटपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा तुकडा कुणाच्या मालकीचा? तो दुसऱ्याच्या वावरातून किंवा पांदणीवरून जात असेल तर पहिल्याच पावसाळ्यात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण उभं राहतं.

५०० चौरस मीटरपेक्षा मोठा किंवा आठपेक्षा जास्त प्लॉटचा प्रकल्प असेल तर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक संस्थेची, नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघा. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते गुंठ्यांत. शेताचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकणं १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याविरुद्ध आहे; २०२३ च्या अधिसूचनेनं जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे किमान क्षेत्र ठरवलं. यातून वाट काढायला दहाबारा जणांच्या नावे मिळून एकच सामाईक खरेदी करतात आणि आतल्या आत चुन्यानं प्लॉट आखून देतात. सातबाऱ्यावर बारा नावं चढतात, पण तुमचा तुकडा कुठला हे कुठल्याच कागदावर नसतं. २०२५ मध्ये सरकारनं १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत झालेल्या काही तुकड्यांना नागरी हद्दीत आणि आराखड्यातल्या अकृषक झोनमध्ये सवलत दिली. ती जुन्यांसाठी आहे. आज शेतातला गुंठा घेणाऱ्यानं तिच्या भरवशावर राहू नये.

एक साधी परीक्षा सांगतो. प्लॉटचे कागद घेऊन राष्ट्रीयीकृत बँकेत गृहकर्जाची चौकशी करा, कर्ज घ्यायचं नसलं तरी. बँकेचा वकील जिथं नाही म्हणतो तिथं बहुतेक वेळा कारण असतं.

इसार, पैसे आणि रजिस्ट्री

इसार कमीत कमी द्या आणि इसारपत्रात लिहून घ्या की खाण अधिसूचना, आदिवासी जमीन, कर्ज किंवा वारसाचा वाद निघाल्यास रक्कम परत मिळेल. तोंडी शब्दावर काही नको, माणूस कितीही ओळखीचा असला तरी. व्यवहार बँकेतूनच करा. जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि रोख दिलेले पैसे भांडणात सिद्ध होत नाहीत.

स्थानिक वर्तमानपत्रात १५ दिवसांची जाहीर सूचना द्या. विदर्भात बहिणींचे हक्कसोड झालेले नसणं ही नेहमीची अडचण आहे. सूचना छापून आली की त्या पुढे येतात, आणि आधी आलेल्या बऱ्या. भूमी अभिलेखकडून हद्दकायम मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. मोजणीचा खर्च कुणी करायचा ते इसारातच ठरवा.

मुद्रांक शुल्क ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महापालिका हद्दीत वेगवेगळं आहे. दुय्यम निबंधकाकडून रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला, भाव आणि शुल्क आधीच काढून आणा. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुखत्यारपत्रावर किंवा नोटरी केलेल्या कागदावर प्लॉट घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे की मुखत्यारपत्रानं मालकी मिळत नाही. विक्रीपत्रात मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), गट किंवा खसरा, प्लॉट नंबर आणि चतुःसीमा बरोबर आहेत का, हे सही करण्याआधी मोठ्यानं वाचून घ्या. पूर्वेला १२ नंबरचा प्लॉट असताना २१ छापला गेला तर पुढची दुरुस्ती महिन्यांवर जाते.

रजिस्ट्रीनंतर

सूची क्रमांक दोनची (इंडेक्स टू) प्रत घ्या. फेरफार आपोआप पटवाऱ्याकडे जातो, पण त्याच्यावर लक्ष ठेवा. ‘आपली चावडी’ या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर १५ दिवस नोटीस दिसते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. नाव चढलं की चारही कोपऱ्यांना सिमेंटचे खांब रोवा आणि तारेचं कुंपण करा. लगेच घर बांधणार नसाल तरी कुंपण थांबवू नका. बाहेरगावी राहणाऱ्यांचे मोकळे प्लॉट इथं दोनदोनदा विकले जातात. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीत कर आकारणीसाठी अर्ज द्या आणि दरवर्षी पावती घ्या.

वर्षातून एकदा सातबारा काढा आणि गावाचं नाव व गट नंबर ई-राजपत्रात शोधा. खाण वाढवण्यासाठी जनसुनावणी लागली तर तिची सूचना ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. त्या सुनावणीत मालक म्हणून बोला आणि लेखी निवेदनाची पोच घ्या. कलम ७ ची अधिसूचना निघालीच तर हरकतीचे ३० दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोजले जातात, तुम्हाला कळल्याच्या तारखेपासून नाही. त्यासाठी विक्रीपत्र, मंजूर लेआऊट, मोजणीची ‘क’ प्रत, कर पावत्या आणि घराचे तारखेसह फोटो एका फाइलमध्ये तयार ठेवा, आणि तिची एक प्रत घराबाहेर, नातेवाईकाकडे असू द्या.